दिवाणसाहेबांची मिशी

काहीही म्हणा, आमच्या शाळेत माझ्या बापाइतका मान कुणालाच मिळाला नाही.

सुरतेतल्या त्या हायस्कूलला एका जुन्या दिवाणाचं नाव होतं, पण त्यांचं चित्र कुठेच नव्हतं. हेडमास्तरांनी आमच्या शेजारच्या पेंटरला ते काढायला सांगितलं. त्याने समोर बसवलं माझ्या वडिलांना. मिलमधले कामगार, पण मिशी झुबकेदार. पगडी त्याने मनानेच चढवली.

दिवाणांच्या जयंतीला माझी खानदेशी आई शाळेत आली, तर भिंतीवर नवरा, पुढे उदबत्ती! तिने हार ओढून काढला. "जित्या माणसाले हार घालतस?"

हेडमास्तर हादरले. "बेन, यांना जाऊन शंभर वर्षं झाली!"

"कसानी शंभर? आज सकायमाच तीन भाकरी खाईसन पाळीवर गयात!"

मग मीच खरं काय ते सांगितलं. हेडमास्तरांनी विचार केला. "चित्राचं अनावरण झालंय, आता बदल नाही. पोरगं या शाळेत आहे तोवर यजमानांना मिशी काढायला सांगा. दिवाणसाहेबांची बदनामी होते."

वडिलांनी मिशी काढली.

पुढे मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो. वडील नुसते ओठावरून हात फिरवत बसायचे.