तिसऱ्या पानावरची मुलगी

बाई : थांबलीस का? वाच ना पुढे.

घुमी : बाई, हा लेख तुमच्याकडे कसा आला?

बाई : टपालानं. संगीतशिक्षणाची ती पत्रिका आहे ना, तिच्या संपादकांनी पाठवलाय. छापण्याजोगा आहे का ते सांगा म्हणाले. परीक्षक म्हणून प्राध्यापक मंडळी खूप झाली, आता मुलांच्या वर्गात उभं राहिलेलं कुणीतरी हवं. मी म्हटलं, निवृत्त बाईला विचारताय, धाडस आहे तुमचं.

घुमी : लेखक कोण, ते नाही सांगितलं?

बाई : नाव काढूनच पाठवतात. तूच मला समजावलं होतंस. परीक्षकाला लेखक कळायला नको, लेखकाला परीक्षक. वाच. माझे डोळे हे असे, भिंग धरून दोन पानं झाली की पाणी येतं. तिसरं पान घे.

घुमी : मला आज जरा लवकर निघायचंय.

बाई : आत्ता तर आलीस. चप्पलसुद्धा नीट काढली नाहीस. वाच गं.

घुमी : ‘सदर विद्यार्थिनी, वय सात, वर्गात गात नसे. शाळेमागील पाण्याच्या पंपाच्या ध्वनीशी जुळणारा एकच खालचा स्वर ती…’

बाई : हं.

घुमी : ‘…ती गुणगुणत असे. संशोधिकेने तिला दुरुस्त न करता संपूर्ण वर्गास तिच्या स्वरावर आणले. त्यानंतर वर्ग व विद्यार्थिनी एकत्रितपणे टप्प्याटप्प्याने वरच्या स्वरांकडे गेले.’

बाई : संशोधिकेने.

घुमी : बाई…

बाई : भाषा छान आहे हो. मी आपली म्हणायचे, आधी आपण तिच्या घरी जाऊ, मग तिला आपल्या घरी बोलावू. आणि वर्गातली सगळी कार्टी दार ठोठावल्यासारखी बाकं बडवायची. ते नाही आलं यात.

घुमी : तुम्हाला माहीत होतं. मला बोलावलंत तेव्हाच माहीत होतं.

बाई : पंपापर्यंत पोचले आणि भिंग खाली ठेवलं.

घुमी : मग मला वाचायला कशाला लावलंत? छळायला?

बाई : वाटलं, पहिली ओळ वाचलीस की म्हणशील, अगंबाई, हा तर माझाच. तुम्हाला सांगणारच होते. पण तू विचारलंस, तुमच्याकडे कसा आला.

घुमी : बाई, ऐका तरी. तुमचं नाव मुद्दाम नाही घातलं. लेखक ओळखू येईल असं काहीच ठेवायचं नसतं. तुमचं नाव आलं की मी आलेच. सगळ्यांना ठाऊक आहे मी तुमची विद्यार्थिनी. नियमच आहे तो.

बाई : असं होय?

घुमी : हो ना. नावं शेवटी घालतात, छापताना.

बाई : मग उगाच जीव घाबरा केलास माझा. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. म्हातारपणी माणूस संशयी होतं बघ. मी तर इथपर्यंत… जाऊ दे. नावांचं वेगळं पान जातं ना संपादकांकडे? मागच्या खेपेला आपण दोघींनी इथेच बसून केलं होतं.

घुमी : जातं.

बाई : त्यावर आहोत ना दोघी?

घुमी : चहा टाकू का मी?

बाई : आहोत ना?

घुमी : एकच नाव आहे.

बाई : कुणाचं, ते विचारत नाही.

घुमी : मागच्या वेळी काय लिहून परत आला होता आपला दोघींचा लेख? आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्या वर्गाचं काय होतं दाखवायला? ना आवाज टिपलेले, ना काही मोजलेलं. मी शाळांचे उंबरे झिजवले, बाई. सुट्ट्या घालवल्या. प्रत्येक मुलाचा आवाज आधीचा, नंतरचा, सगळं बसून मोजलं. ते माझं आहे.

बाई : आहेच. कोण नाही म्हणतंय? पण त्या दिवसांत तू इथे यायचीस. याच खुर्चीत बसायचीस. मूल लाजलं तर काय करायचं, वर्ग फिदीफिदी हसला तर काय करायचं, विचारत राहायचीस. मी विचारलं, लेख तर सोडून दिला ना गं आपण? म्हणालीस, सहज विचारते. मीपण खुळी. घसा बसेपर्यंत सांगत राहायचे. वाटायचं, पोरीला अजून आपली गरज आहे.

घुमी : कॉलेजात कायम व्हायचं तर एकटीच्या नावावर लेख लागतो. दोघींचा असला की मोजतच नाहीत. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं माझ्यापुढे गेली, बाई. मी अजून हंगामीच. दर वर्षी नव्यानं हात जोडायचे.

बाई : मग मला म्हणायचं होतंस. बाई, या खेपेला तुमचं नाव नको.

घुमी : दिलं असतंत?

बाई : आठवडाभर रुसले असते. फोन उचलला नसता. मग दिलं असतं.

घुमी : आता तुम्ही असं म्हणताय.

बाई : हो, आता तुला ते खरं वाटायचं नाही. तेही गेलंच.

घुमी : खरं सांगायचं तर परीक्षकानं लेखकाशी बोलायचंच नसतं. तुम्ही मला बोलावलंत हेच नियमात बसत नाही.

बाई : वा. नियम बरे पाठ आहेत तुला.

घुमी : तसं नाही म्हणायचं मला.

बाई : अगं, पद्धतीचं मी समजून घेईन. पद्धत काय, मुलांना गाता आलं म्हणजे झालं. पण ही मुलगी? तू माझ्या जागी उभी राहिलीस, राहा. मग बाकावर कोण बसलंय? तूच ना? स्वतःच स्वतःला शिकवलंस?

घुमी : इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नव्हतं माझ्याकडे.

बाई : उदाहरण! वर्ष सरत आलं तरी तोंड उघडलं नव्हतंस. सगळे घुमी म्हणायला लागले, तुझी आईसुद्धा. तू त्या खिडकीशी बसायचीस, न मिटणाऱ्या. बाहेर पंप घरघरायचा आणि तू त्याच्याबरोबर. मी कान लावला तुझ्याजवळ. मग सगळ्या वर्गाला म्हटलं, चला, हिच्यासारखं म्हणा. अख्खा वर्ग घरघरला. मोठ्या बाई धावत आल्या, मोटर जळाली की काय म्हणून.

घुमी : आणि तुम्ही त्यांनाही म्हणायला लावलंत.

बाई : आठवतं तुला.

घुमी : आठवतं.

बाई : तेव्हा हसलीस तू. पहिल्यांदा. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, एवढ्यासाठी नोकरी करते मी. आणि तू मला त्या वर्गातूनच काढलंस.

घुमी : तुम्ही संपादकांना कळवणार?

बाई : शुक्रवारी मत द्यायचंय. ती मुलगी तुझ्या वर्गात नव्हती. तेवढं खोटं मी पुढे जाऊ देणार नाही. एक तर तिचं खरं लिही, ती कोण, तिला कुणी गायला लावलं. नाहीतर तिला काढ.

घुमी : खरं लिहिलं तर तुम्ही आलात. मग लेख दोघींचा.

बाई : हो.

घुमी : म्हणजे हे वर्षही गेलं.

बाई : पुढच्या वर्षी दुसरा लिही. एकटीचा. मला येतं तेवढं सांगेन की.

घुमी : जागा पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही, बाई.

बाई : मग तू ठरव.

(घुमी पानं जुळवून मांडीवर ठेवते.)

घुमी : ती मुलगी काढली… तर बाकीचं मान्य कराल?

बाई : करीन. बाकीचं चांगलं लिहिलंयस.