उपरण्याची गाठ

अहो, कसला समाचार आणि कसलं काय! दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "भावजी, ओळखलंत का? मी कोण?" आता तुम्हीच सांगा, बायकोच्या सख्ख्या भावाला कोण विसरेल? विसरता आलं असतं तर त्या अर्धांगवायूचे उपकार मानले असते मी! गेला उजवा हात, गेले चार शब्द, आणि हा नरसिंह मात्र डोक्यात जागच्या जागी!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या दवाखान्यात सुरू झालं. डॉक्टर विचारतो, "बायकोचं नाव सांगा." ही समोर उभी, तिचं अख्खं माहेर उभं... अहो, लग्नातल्या उखाण्यानंतर चारचौघांत हिचं नाव घेतलंय कधी मी? लाजलो. मान खाली घातली. तर डॉक्टर म्हणतो, "अरेरे, नाव गेलं!" झालं! परतीच्या जटक्यात नरसिंहानं घोडा हाकणाऱ्यालाही सांगितलं, "आमच्या भावजींना बायको आठवत नाही. अय्यो पाप!" म्हणजे मी बिचारा! मग चिकपेठ, मग मल्लेश्वरम... गावभर केलं! त्याच दिवशी गाठ मारून ठेवली मी. खरोखरची! उपरण्याच्या टोकाला, दातांत धरून, डाव्या हातानं. सूड घ्यायचाय हे आठवायला नको?

शब्द निसटतात, खोटं कशाला बोलू? परवा हिला म्हटलं, "वाटीभर चप्पल वाढ." हिनं मुकाट्यानं ताक वाढलं. भीती वाटते हो, उद्या आणखी काय जाईल... पण गाठ मारून ठेवलीय!

आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरती सांगणारा मी. वर्षानुवर्षं! तर हा म्हणतो, "यंदा तुम्ही स्वल्प आराम करा, भावजी, मी सांगतो आरती." म्हटलं, सरी, बरं तर! मनात म्हटलं, ये बेट्या. गुपचूप आरती घोकली. ही पोळ्या लाटता लाटता चुका काढायची. चतुर्थीला त्यानं ताम्हन उचललं आणि मी ते ओढूनच घेतलं! पहिलं कडवं असं खणखणीत म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं झालं. घे! आणखी घे! आणि दुसरं कडवं... आलंच नाही. म्हणून पुन्हा पहिलंच म्हटलं. मग पुन्हा तेच. कापूर विझत आला, लोक एकमेकांकडे बघायला लागले... आणि हा मेला नरसिंह पुढे आला, ताम्हनाला खालून हात लावला, आणि माझ्याबरोबर पहिलंच कडवं म्हणायला लागला. मोठ्यानं! मग सगळेच म्हणाले. वर लोकांना सांगतो, "भावजींच्या घरची पद्धतच आहे ही."

आता अशा माणसावर सूड घ्यायचा तरी कसा? गाठ मारून ठेवलीय, तिचं करायचं काय?

रविवारी आला तेव्हा उपरणं पुढे केलं. म्हटलं, "सोड ही." एका हातानं बांधता येते, सोडवता येत नाही. बसला बिचारा नखांनी उकलत. "कशाची गाठ होती, भावजी?" काय सांगणार त्याला? म्हटलं, "आठवत नाही रे." तुम्हाला म्हणून सांगतो, सगळं आठवत होतं!

तर हा तिथूनच स्वयंपाकघराकडे ओरडतो, "अक्का, बघितलंस? यांना काहीच आठवत नाही गं! अय्यो पाप!"

काय करता... उपरण्याचं दुसरं टोक घेतलं दातांत.