हलणारी फळी

आमच्या परसातल्या स्विमिंग पूलला उडी मारायची फळी आहे, पण पाहुणे तिच्यावर बसून चहा पितात. का, ते ऐका.

खरं तर फायबरची फळी मुंबईहून येणार होती. बाबा म्हणाले, "गावात तातू मेस्त्री आसताना फळी मुंबयसून कित्याक?" म्हणून तातू सुताराला बोलावलं. मी म्हटलं, "मेस्त्री, फळीचा पुढचा टोक जरा हलाक होया."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली.

"हलाक होया? देवळाची दारां माझी, शाळेची बाकां माझी. आजवर एक वस्तू हलाक नाय."

"फळी हलली की माणूस वर उडता, मेस्त्री."

"तो पाण्यात जाऊक उडी मारता की वर जाऊक?"

शेवटी बाबांनीच गळ घातली, तेव्हा मेस्त्रींनी तोंड वाकडं करून सागाची पातळ फळी बसवली. मुलांनी दिवसभर उड्या मारल्या. मेस्त्री कडेला उभे राहून हलणाऱ्या फळीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कणकवलीला लग्नाला गेलो. परत येतो तर फळीच्या पुढच्या टोकाखाली पाण्यातून जाडजूड टेकू वर आलेला, आणि मेस्त्री ओला पंचा नेसून पायरीवर बसलेले.

"आता हत्ती नाचलो तरी हलूची नाय," ते म्हणाले. मग जवळ येऊन अगदी हळू आवाजात, "काल हलत होती, ता गावात कोणाक सांगू नको."