पेटीच्या दाराचं चुंबक

पणदऱ्यात जनावरांच्या दवाखान्यासमोर रोहिणी कालवडीसाठी जंताचं औषध घ्यायला रांगेत उभी होती. तिच्या पुढं कुंडलिक आणि त्याची बायको प्रयागबाई. आडोशाला डॉक्टर त्यांच्याच गायीची कूस चिरून पोटातली तार काढत होते.

"टायरची गव्हाण नको म्हणलं हुतं. तार सुटली, घासाबरूबर गेली पोटात!"

"अगं, गावात समद्यांच्याच टायरच्या हायत्या."

"असत्याल. डॉक्टरांनी चुंबक दिलं हुतं न्हवं? गायीला गिळवा, पोटात तार त्याला चिकटून बसंल, काळजाला टोचणार न्हाय, असं तुमच्यासमोरच सांगितलं हुतं. कुठं हाय त्ये?"

"हाय की."

"कुठं?"

"हिरीवरच्या मोटारीच्या पेटीला. दार वाऱ्यानं सारखं उघडायचं..."

"गायीचं चुंबक तुमी पेटीच्या दाराला लावलं?"

"हळू बोल, लोकं ऐकत्यात."

"ऐकू द्या! माझी दुभती गाय तितं उभी चिरलीया, आन् ह्यांच्या पेटीचं दार कसं झ्याक लागतंय!"

"पाणी आत गेलं असतं तर मोटार जळली असती."

"मग उद्यापासनं धार मोटारीचीच काढा!"

रोहिणीनं मागं वळून नवऱ्याला फोन लावला.

"अवं, फ्रिजला तुमच्या भावकीची लगनपत्रिका अडकवलीया न्हवं, त्ये डॉक्टरांचं चुंबक काढा. न्हाय, आत्ताच. पडू द्या पत्रिका! चुंबक घिऊन गायीपाशी उभं ऱ्हावा, मी आलेच."