भावाला ओवाळू का, असं आक्कांनी इचारलं

मी मूळचा वडूजच्या अंगाचा. गाव लहान, जमीन हलकी, पाऊस आला तर बाजरी न्हाईतर नुसती धूळ. आमच्या पनजोबानं ख्रिस्ती धर्म घेतला, पन गाव तेच, विहीर तीच, भांडनं बी तीच राहिली, त्यामुळं लहानपनी मला आपन काय येगळं हाय असं कवा वाटलंच न्हाई. रविवारी देवळात, म्हंजे आमच्या चर्चात जायचं, बाकीचे सहा दिवस समद्यांसारखं. माझा बाप देवळाची घंटा वाजवायचा आन् शिमग्याला गावाबरूबर बोंब बी मारायचा, आन् त्याला कुनी कवा इचारलं न्हाई, का रं बाबा, हे चालतंय का तुझ्यात. आता मला दिवसातनं दहा जन इचारत्यात.

धाव्वीनंतर कुपवाडला आलो. तिथं कारखान्यात लोखंड कातायच्या लेथ मशीनवर टर्नर म्हनून नऊ वर्सं काम केलं. हाताला तेलाचा वास असायचा, रविवारी साबन लावून लावून घासायचो तरी जायचा न्हाई. सांगलीतल्या आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी मला धरलं, म्हनले तुझा गळा चांगला हाय, बोलतोस बी बरा, पाळकाचं शिकायला जा. गेलो. लग्न झालेलं, एक पोरगी, तरी गेलो. परत आलो तवा पाळक होऊन आलो. फिरत फिरत इथं कोरेगावच्या बाजूला आलो, त्याला आता सात वर्सं झाली. चाळीसेक ख्रिस्ती घरं हायत आमच्या मंडळीत. देवळामागं दोन खोल्या, तिथं आमी ऱ्हातो. देवळात मी शुद्ध बोलतो बरं का, घरी हे असं. मी जसं बोलतोय तसंच तुमी लिवा.

काय सांगू तुमाला, मला वाटलं हुतं पाळक म्हंजे दुखल्या-खुपल्याला जायचं, मेल्या-जगल्याला उभं ऱ्हायचं, चार चांगल्या गोष्टी सांगायच्या. ते ऱ्हायलं बाजूला, मी चौकशीची खिडकी झालोय. पाळकसाहेब, शेजारनीनं संक्रांतीचा तिळगूळ दिला, खाऊ का. पाळकसाहेब, सुनंला टिकली लावू देऊ का. पाळकसाहेब, मालकानं कारखान्यात मशीनची पूजा केली, मी नारळ फोडला, पाप लागलं का. आन् मी काय सांगितलं तर म्हनत्यात, पन यूट्यूबवर एक पास्टर हाय, तो तर येगळंच सांगतोय. मग त्यालाच इचारा की! पन न्हाई, त्याला इचारून झाल्यावर मला इचारायचं, आन् दोघांचं जुळलं न्हाई की माझं चुकलं. बाहेरच्यांचं आनि येगळंच. न्हाव्याच्या दुकानात बसलो की कुनीतरी म्हनतंय, तुमचं नाव तर सूर्यकांत, मग तुमी ख्रिश्चन कसं वो. आरं बाबा, माझ्या आईनं ठेवलं, तिला आवडलं, झालं. पन ते दर महिन्याला इचारत्यात. तेच न्हावी, तेच गिऱ्हाईक.

हे समदं हसन्यावारी नेतो मी. पन एक सवाल मला लय म्हाग पडला. मला म्हंजे, मला कमीच, दुसऱ्याला जास्त.

आमच्या मंडळीत रत्नाक्का हायत. साठीला आलेल्या. त्या जन्मानं ख्रिस्ती न्हाईत, इथल्याच उसाच्या गावातल्या मराठ्याघरची लेक. लय वर्सांपूर्वी आजारी पडल्या, तवा आमच्यातल्या बायका त्यांच्या उशाशी बसल्या, प्रार्थना केली, डबं दिलं, आन् बऱ्या झाल्यावर त्या यायला लागल्या, त्या कायमच्याच. नवऱ्यानं अडवलं न्हाई. नवरा गेला, पोरगा पुन्याला. म्हायेरचं एकच मानूस, थोरला भाव, मिलिट्रीतनं सुभेदार होऊन रिटायर झालेला. तो कवा काय बोलला न्हाई. म्हनायचा, तू कुठं बी जा, भाऊबीजंला माझ्या घरी पायजेस. आन् आक्का जायच्या. दर वर्साला पाटावर बसवून ओवाळायच्या, जेवायच्या, साडी घेऊन यायच्या आन् ती साडी नाताळाला नेसायच्या. आमच्या देवळात. कुनाच्या पोटात दुखलं न्हवतं.

तर एका वर्सी मंडळीत कुनीतरी त्यांच्या डोक्यात किडा सोडला, का ओवाळनं म्हंजे मूर्तिपूजेतलंच. झालं. उपासना सुटली, मी दारात उभा राहून समद्यांना सलाम करतोय, आत कमिटीची मीटिंग बसलेली, छपराच्या पत्र्यावरनं आधीच वादावादी, पोटात काय न्हाई, आन् आक्का आल्या. हळू आवाजात म्हनल्या, पाळकसाहेब, यंदा भावाला ओवाळू का?

मी काय म्हनलो सांगू? मी म्हनलो, आक्का, मनात शंका येती का? म्हनल्या, आता येती. मी म्हनलो, मग नका करू. आन् आत गेलो. एवढंच. अर्ध्या मिंटाचं काम. पत्र्यावर आमी दीड तास बोललो.

आक्का त्या भाऊबीजंला गेल्या न्हाईत. सुभेदारानं दिवसभर वाट बगितली, फोन केला, ह्यांनी उचलला न्हाई. आन् फुडच्या रविवारी आक्का देवळात साक्ष द्यायला, म्हंजे समद्यांम्होरं आपला अनुभव सांगायला उभ्या राहिल्या. म्हनल्या, मी प्रभूसाठी माझा भाव सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या, खोटं कशाला बोलू. मला तवाच कळलं हुतं काय झालंय ते. लेथवर माप चुकलं तर बरं असतंय, जॉबचा तुकडा भंगारात टाकायचा, दुसरा लावायचा. इथं काय करतोस? मी गप बसलो. दुसरी भाऊबीज बी तशीच गेली, तरी गप बसलो.

मग सुभेदाराच्या पोरीचं लगीन निगालं. आक्काला पत्रिका आली न्हाई. त्यांना कळलं कुठं, तर बाजारात. भाजीवाली म्हनली, आक्का तुमी हिथं कशा, आज भाचीचं लगीन न्हवं का? त्या पिशवी तशीच घेऊन घरी आल्या. हे मला नंतर कळलं.

लग्नानंतर आठ दिसांनी सुभेदार माझ्या दारात. मोटारसायकल लावली, चप्पल काढली, पन आत आला न्हाई. म्हनला, तुमीच का ते पाळक? मी म्हनलो, व्हय, या, बसा. म्हनला, बसायला आलो न्हाई, सिधा जबाब द्या. आई गेली तवा रत्ना पाच वर्साची हुती. मी तिची येनी घालून शाळंत सोडायचो, पोरं मला हसायची. ती तुमच्यात गेली, मी भावकीचं बोलनं खाल्लं, तिला एक शब्द बोललो न्हाई. वर्सातनं एक दिवस मागत हुतो. तिनं मला ओवाळलं तर तुमच्या देवाचं काय कमी हुत हुतं?

माझ्याकडं उत्तरं हुती वो. शिकलोय मी, पाच उत्तरं देता आली असती. पन त्या मानसाचं तोंड बगितलं आन् खरं ते सांगितलं. मी म्हनलो, सुभेदार, घाईत बोललो मी. तर तो म्हनला, आमच्यात घाईत गोळी सुटली तरी चौकशी हुती. तुमची कोन करतंय?

मग उंबऱ्यावरच टेकला. म्हनला, मी बी काय लय शाना न्हाई. पत्रिका मीच दिली न्हाई, आन् लग्नात दिवसभर हॉलच्या दाराकडं बगत बसलो. माझ्या बायकोनं आतनं पानी आनून दिलं, ते सुभेदार पिला आन् गेला.

दुसऱ्या दिवशी मी आक्काकडं गेलो. गहू निवडत बसल्या हुत्या. मी म्हनलो, आक्का, मी तुमाला चुकीचं सांगितलं, भावाला ओवाळनं म्हंजे माया हाय, तुमी जावा. त्यांनी सूप खाली ठेवलं न्हाई. म्हनल्या, तवा देव न्हाई म्हनला, आता व्हय म्हनतोय? मत त्याचं बदललं का तुमचं? मी म्हनलो, माझं. त्या म्हनल्या, मग माझ्या दोन भाऊबीजा आन् एक लगीन कोन भरून देतंय? खडं निवडत म्हनल्या, आन् आता गेले तर ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना काय सांगू? मी साक्ष दिलीया देवळात.

मला वाटलं, त्यांची अडचन मी सोडवतो. त्याच रविवारी उपदेशात उभा राहिलो आन् म्हनलो, एका बहिणीनं मला प्रश्न विचारला होता, मी घाईनं उत्तर दिलं, ते चुकीचं होतं, त्यामुळं एक भाऊ तुटला, देवानं आणि तुम्ही मला क्षमा करावी. नाव घेतलं न्हाई मी. पन चाळीस घरांच्या मंडळीत नाव कशाला घ्यावं लागतंय? समद्यांनी मान वळवून आक्काकडं बगितलं. त्या उठल्या, पदर सावरला आन् सरळ बाहेर गेल्या. चालू उपासनेत.

मग जे झालं ते बगा. कमिटी म्हनली, पाळकानं असं बोलायचं असतंय का, उद्या लोक तुमचं काय बी ऐकायची न्हाईत. दुसरं कुनी म्हनलं, पाळक ढिला पडला, मूर्तिपूजेला सूट दिली. तीन घरं सोडून गेली, आता ती साताऱ्याला कुठल्या प्रार्थनेच्या हॉलमधी जात्यात, तिथं म्हनं समद्याचं पक्कं उत्तर मिळतंय. घरी आलो तर बायको म्हनली, चूक कबूल केलीसा ते बरं झालं, पन आक्काला इचारून केलीसा का? न्हाई केली. परत घाई. देवळातली मंडळी नाराज आन् घरची मंडळी बी नाराज, आन् दोघी बी बरूबर.

आक्का दोन म्हैनं देवळात आल्या न्हाईत. मी दोनदा जाऊन आलो, दाराला कडी. काय करावं कळंना. तुमाला सांगतो, मी तवा बायकोला म्हनलो बी, कुपवाडला परत जाऊ, कुठंतरी मशीन मिळंलच.

आन् मग एक दिवस सुभेदाराचाच फोन आला. म्हनला, रत्ना आली हुती. सन न्हाई वार न्हाई, मंगळवारी, एकटीच. आली ती भांडायलाच लागली, पत्रिका का दिली न्हाई म्हनून. मी म्हनलो, तू फोन का उचलला न्हाईस. दुपारपासनं दिवस मावळंस्तवर भांडलो, जुनं पुरानं समदं काढलं, बायको भेदरून परड्यात जाऊन बसली. मग रत्नाच उठली, चुलीम्होरं बसली आन् भाकरी थापाय लागली. जेवलो. एवढंच सांगून त्यानं फोन ठेवला. मी पाळक मानूस, त्या दिवशी फोन हातात धरून रडलो, मला लाज वाटत न्हाई सांगायला.

मागच्या दिवाळीत त्या भाऊबीजंला गेल्या. ताट केलं न्हाई, निरांजन लावलं न्हाई. भाव टोपी घालून पाटावर बसला, ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, डोळं मिटलं, प्रार्थना केली. हे बी सुभेदारानंच सांगितलं. म्हनला, काय पुटपुटली मला कळलं न्हाई, पन लय येळ हात ठेवला हुता. असं करा म्हनून मी त्यांना सांगितलं न्हवतं. यूट्यूबवाल्यानं बी न्हाई. त्यांचं त्यांनी काढलं.

तुमाला वाटंल आता गोड झालं. कुठलं गोड? आक्का देवळात येत्यात पन माझ्याशी बोलत न्हाईत, मागच्या बाकावर बसत्यात, सलाम केला की मान हलवत्यात, संपलं. आन् बाकीच्यांचं चालूच हाय. आता मी उलटं इचारतो, तुमाला काय वाटतंय वो? तर चिडत्यात. आमाला कळलं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, पाळक कशाला ठेवलाय मग? कालच एक जन फोनवर म्हनला, साहेब, इचार बिचार नको, व्हय का न्हाई तेवढं सांगा. मानसाला व्हय-न्हाई पायजे, आन् माझ्याकडचं व्हय-न्हाई संपलंय. फुडच्या उन्हाळ्यात माझी बदली हुईल. हिथं नवा मानूस येईल, तरना, शिकलेला, आन् पहिल्याच रविवारी त्याला कुनीतरी दारात गाठंल. मी काय शिकवू त्याला? आधी जेवून घे म्हनंन.

गेल्या रविवारी मात्र एक झालं. समदी गेली, मी खुर्च्या लावत हुतो, तर आक्का मागं थांबलेल्या. किती दिसांनी. म्हनल्या, पाळकसाहेब, सुभेदाराचं गुडघ्याचं ऑपरेशन हाय. तो आपल्यातला न्हाई, तर त्याच्यासाठी नाव घेऊन देवळात प्रार्थना मागितली तर चालंल का?

माझं डोकंच फिरलं. मी म्हनलो, आक्का, सख्ख्या भावासाठी प्रार्थना करायची, हे बी इचारायचं असतंय व्हय?

आक्का म्हनल्या, आधी इचारत न्हवते. तुमच्याकडनंच सवय लागली.

मी खुर्ची ठेवली खाली. तिथंच दोघं उभं राहिलो, सुभेदाराचं नाव घेतलं आन् प्रार्थना केली. मीच केली, पन मोठ्यानं न्हाई. असं हाय बगा समदं. देव तुमचं बरं करो, आन् तुमाला काय इचारायचं आसंल तर आज नको, चहा घ्या.