माणूस निघाला ती जागा

बेबी : म्हणजे हे अकराच्या अकरा जण त्या एकट्याच्या मागे लागलेत?

उज्ज्वल : अकरा नाही गं आई. चौघं-पाचजण. बाकीचे मागे राहून कव्हर करतात. चेंडू ज्याच्याकडे जाईल असं वाटतं, त्याला चिकटून राहायचं.

बेबी : आणि हा मधला, चेंडू हातात घेतलेला?

उज्ज्वल : तो क्वार्टरबॅक. कुणाकडे फेकायचं ते तोच ठरवतो. चहा घे, निवतोय.

बेबी : प्रियदर्शिनी बिचारी पहाटे उठून ऑफिसला गेली, आणि तू तिचा नवरा सोमवारी सकाळी हे बघत बसलायस.

उज्ज्वल : अमेरिकेत रविवार संध्याकाळ असते तेव्हा इथे आपल्या यिशुनमध्ये सोमवार उजाडतो, त्याला मी काय करू? अमेरिकन फुटबॉलची फायनल आहे. वर्षातून एकदाच रजा टाकतो.

बेबी : बिशानच्या मैदानावर खेळतोस ते हेच?

उज्ज्वल : आम्ही फ्लॅग खेळतो. धक्काबुक्की नाही. कमरेला फडकी लावायची, ती ओढली की माणूस पडला असं धरायचं. मी बचावाचा कॅप्टन आहे, काय समजलीस!

बेबी : समजले, समजले. फोन कुठे ठेवलास माझा?

उज्ज्वल : आत चार्जिंगला लावलाय. हे बघ, हे बघ! ब्लिट्झ आली!

बेबी : काय आली?

उज्ज्वल : ब्लिट्झ. मागे कव्हरला ठेवलेली माणसंसुद्धा त्याच्या अंगावर सोडायची. विचार करायला वेळच द्यायचा नाही. अरे... गेला चेंडू.

बेबी : एवढे धावून गेले तरी फेकलाच की त्याने.

उज्ज्वल : म्हातारा आहे ना तो. अडतीस वर्षांचा. नवखं पोरगं असतं तर गांगरलं असतं. याच्यावर ब्लिट्झचा काही उपयोग नाही.

बेबी : अडतीस म्हणजे म्हातारा? मग मला काय म्हणशील?

उज्ज्वल : या खेळात म्हातारा. पण भीती असल्यांचीच. चेंडू हातात यायच्या आधीच तो सगळ्यांकडे बघून घेतो. कुणाचे पाय कुठे वळलेत, कोण उगाच शांत उभा आहे. आणि माणूस धावून आला की तो जिथून निघाला ती जागा मोकळी पडते ना? हा बरोबर तिथे फेकतो.

बेबी : माणूस निघाला ती जागा.

उज्ज्वल : हो. आमच्या पोरांना किती सांगतो, तरी धावतातच. थांबवत नाही त्यांना.

बेबी : मग असल्या माणसाला अडवायचं कसं?

उज्ज्वल : अंगावर जायचं नाही. मागे थांबायचं. दाखवायचं एक, करायचं दुसरं.

बेबी : आणि तेही त्याने ओळखलं तर?

उज्ज्वल : मग काय, हरायचं. खोकला आला का? थांब, उशी धर. छातीशी घट्ट. हां, आता खोक.

बेबी : मला शिकवतोस? बायपासनंतर खोकताना उशी धरा, हे सांगण्यात माझा जन्म गेला वॉर्डात. दोन महिने राहायला म्हणून परदेशी आले तुझ्याकडे, आणि छाती उघडून बसले. काल कुणाकुणाचे फोन आले रे?

उज्ज्वल : खूप. शैलाआत्या, मनोहरकाका, निशिगंधा. सगळ्यांना काळजी आहे तुझी.

बेबी : मनोहरभाऊजींनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता. आता रोज करतात. तुझी बहीण निशिगंधा रविवारची एकदा बोलायची, ती सकाळ-संध्याकाळ. समोरच्या फ्लॅटमधल्या त्या चायनीज आजी, त्यांना माझी भाषा येत नाही की मला त्यांची. त्यासुद्धा सूप घेऊन येतात आणि माझा हात धरून बसतात.

उज्ज्वल : ऑपरेशन झालंय तुझं. माणसं येणारच.

बेबी : ऑपरेशनला कुणी असा हात धरत नाही.

उज्ज्वल : आई, हे बघ, स्कोअर...

बेबी : आणि तुझे बाबा?

उज्ज्वल : सांगितलं होतं ना. घसा बसलाय. डॉक्टरांनी आठवडाभर अजिबात बोलू नका म्हटलंय.

बेबी : "आठवडाभर अजिबात बोलू नका म्हटलंय." शैलाताई हेच म्हणाल्या. भाऊजी हेच. निशिगंधाही हेच, शब्द न शब्द. अरे, जयंतीची मिरवणूक कुठल्या रस्त्याने काढायची यावरून आपल्या घरात अजून अबोला आहे. तिथे सगळे एकच वाक्य बोलायला कधीपासून लागले?

उज्ज्वल : चहा गार झाला बघ तुझा. दुसरा टाकतो.

बेबी : बोलता येत नसेल, ऐकता तर येतं. विमानाला घाबरतात म्हणून आले नाहीत, पण ऑपरेशनच्या सकाळी काय म्हणाले? "जयभीम बेबी. मी इथंच बसलोय, फोनपाशी." तो माणूस एकदाही फोन कानाला लावणार नाही?

उज्ज्वल : आई, तुला त्रास होता कामा नये. डॉक्टर म्हणालेत, चेकअप होईपर्यंत...

बेबी : मला आयसीयूतून बाहेर आणलं आणि तू म्हणे मलेशियाला मॅच खेळायला गेलास. प्रियदर्शिनीने सांगितलं तेव्हा ती खाली बघत होती. घरी आले तर तुझे खेळायचे बूट दारात. चिखल नाही, गवताची काडी नाही. आणि माझा मुलगा आईला तशी टाकून खेळायला जाईल? एवढंसुद्धा ओळखत नाही का मी तुला?

उज्ज्वल : आई...

बेबी : नवरा-बायको दोघंही अपघातात आलेले असले आणि नवरा गेला, की आम्ही नर्सेस बायकोला सांगायचो, वरच्या मजल्यावर आहेत, झोपलेत. तिचे टाके निघेपर्यंत. सगळ्याजणी तिच्याशी गोड बोलायचो, कुणी केस विंचरून द्यायची. त्या बायकाही गप्प राहायच्या. का राहायच्या ते आता कळलं.

उज्ज्वल : कधी कळलं तुला?

बेबी : आधी मी रोज विचारायचे, बाबांचा फोन आला का. मध्ये किती दिवस विचारलं नाही?

उज्ज्वल : मला वाटलं... तुला बरं वाटायला लागलंय.

बेबी : बचावाचा कॅप्टन! अरे, तू किती जीव टाकत होतास माझ्यासाठी. म्हटलं, राहू दे, चेकअपपर्यंत कळ काढू. पण नाही होत रे. माझा माणूस गेला, आणि मी रोज सकाळी उपमा छान झालाय म्हणतेय. मला नाही जमत.

(उज्ज्वल टीव्ही बंद करतो.)

उज्ज्वल : तू शुद्धीवर आलीस ते मीच त्यांना फोनवर सांगितलं. खूप हसले. म्हणाले, आता चहा पितो. शैलाआत्या चहा घेऊन बाहेर आली, तर खुर्चीतच...

बेबी : फोनपाशी?

उज्ज्वल : फोनपाशीच.

बेबी : मी बरी आहे, हे कळलं होतं त्यांना.

उज्ज्वल : हो.

बेबी : पांढरा सदरा घातला होता? वंदना कुणी घेतली?

उज्ज्वल : विहारातले भन्तेजी आले होते. मी पिंपरीला पोचेपर्यंत सगळे थांबले. त्यांच्या नावाने करायचं पुण्यानुमोदन थांबवून ठेवलंय तू येईपर्यंत, कुणी करू दिलं नाही.

बेबी : बरं केलंत.

उज्ज्वल : मी तुझ्याशी खोटं बोललो आई. बाबा गेलेच होते. म्हटलं, हे ऐकून तुलाही काही झालं तर? मी कुणाकडे बघायचं?

बेबी : तिकडे रडलास का?

उज्ज्वल : नाही. लगेच परत यायचं होतं. तू माझे डोळे बघितले असतेस.

बेबी : मग आता रड. इथे ये, माझ्याजवळ बस.

उज्ज्वल : आणि तू? तुझे टाके...

बेबी : ती उशी दे इकडे. खोकताना धरतात, तशी रडतानाही धरता येते.