शीग सोडलेले आचारीकाका

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरच्या नर्सबाई, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आपले आचारीकाका, समोरचे शिक्षक, पालक आणि स्वयंपाकघरातल्या वासाने केव्हाच अस्वस्थ झालेली समस्त बाळगोपाळ मंडळी, सर्वांना नमस्कार.

मला बोलायला उभं केलं यात चूक बाईंची आहे. मी शाळेत भाजी पोचवणारा, तीही अधूनमधून, कारण मध्येच कुठेतरी भटकायला निघून जातो. मागे एका डोंगराळ गावात... असो, बाई घड्याळ बघतायत. पण मी इथे शिकणाऱ्या चिमणीचा मामा आहे, म्हणून दोन शब्द.

आचारीकाकांच्या हातून कमी वाढलेलं ताट कुणी पाहिलंय का? यांचा वाढायचा डाव नेहमी शिगोशीग, काठाच्या वर ढीग. ‘पुरे’ हा शब्द यांना ऐकूच येत नसे. कानाचे डॉक्टरही गाठून झाले, कान ठणठणीत निघाले!

अशा माणसाला कळलं, की चिमणीला मधुमेह आहे. मग काय! दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ताटात वरण-भात, उसळ, भाजी. आणि चिमणीच्या ताटात काकडी, कोबी, पुन्हा काकडी.

“काका, भात?” तिने हळूच विचारलं.

“तुला नाही हो बाळ,” काका डोळे पुसत म्हणाले. मायाच ती. मैत्रिणी बघत होत्या, म्हणून पोरगी हट्ट न करता काकडी खाऊन वर्गात गेली. थोड्या वेळाने तिला दरदरून घाम, हात थरथरायला लागले. नर्सबाईंनी साखर तपासली आणि लगेच फळांचा रस पाजला. तेवढ्यात काका धावत आले. “अहो, मधुमेहाच्या पोरीला गोड पाजताय? विष देताय का?”

नर्सबाई आता हसतायत, तेव्हा हसल्या नव्हत्या. “साखर खाली गेलीय तिची, आत्ता हेच औषध. इन्सुलिनचं इंजेक्शन तिने भाताच्या हिशेबाने घेतलं होतं, आणि भात पळवलात तुम्ही!”

माझी ताई ऐकून इतकी घाबरली, की म्हणाली, “उद्यापासून ही दुपारी घरीच जेवेल.” चिमणी रडली नाही. तिने एवढंच विचारलं, “मग माझ्या जागेवर कोण बसणार?”

संध्याकाळी ताईच्या दारात आचारीकाका. हातात काय? डाव! “पोरी, तुला यातला किती भात चालतो ते मला दाखव.”

चिमणीने डाव भरला, वरून सुरीची पाठ फिरवली, शीग खाली पाडली. “एवढा. कमी पण नको, जास्त पण नको. आणि काका, माझं ताट वेगळं नको.”

“शीग अजिबात नको?”

“अजिबात.”

मंडळी, त्या खाली पडलेल्या भाताकडे काकांनी ज्या नजरेने बघितलं, तशी नजर मी आपल्या माणसांना स्टेशनवर सोडायला आलेल्यांचीच पाहिली आहे.

पण दुसऱ्या दिवसापासून डाव सगळ्यांनाच सपाट! उसळ आणि भाजी भरपूर, रसाऐवजी कापलेलं फळ. कुणाच्या वाढदिवसाला केक आला, तर छोटा तुकडा चिमणीलाही. त्याचा हिशेब ती नर्सबाईंबरोबर बसून करते. भूक राहिलीच तर बाकीचे पुन्हा मागतात. काका समोर उभे राहतात, ओठ हलतात, पण आग्रह बाहेर पडत नाही. एवढा संयम साधूंनाही जमत नसेल!

ताईने चिमणीला शाळेतच जेवू दिलं, पण तेव्हापासून ती रोज पिशवीत वेगळा डबा घेऊन फाटकाशी थांबायची. न जाणो, पुन्हा काही झालं तर? काका तर तिच्यासाठी खुर्ची टाकायचे आणि वर विचारायचे, “ताई, तुमच्या डब्यात शीग आहे का हो?”

काका, उद्यापासून तुम्ही नसणार. नव्या आचाऱ्यांना तुम्ही सकाळी डाव आणि सुरी दोन्ही दिलीत, आणि चिमणीने त्यांची परीक्षा घेतली. दुसऱ्या खेपेला पास झाले. आज पंगतीत तुम्हाला ती स्वतः वाढणार आहे. शीग मागून बघा, म्हणजे कळेल!

आणि तिसऱ्या रांगेत माझी ताई बसली आहे. पिशवी आणायला विसरलीस का गं? नाही म्हणतेय. आज ती मुद्दाम रिकाम्या हातांनी आली आहे.

काका, तिचे ते रिकामे हात हाच तुमचा खरा सत्कार समजा. बाईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचा मी आभारी आहे. भटक्याची जीभ, कुठे घसरली असेल तर पोटात घाला. पोटात जागा आहेच, अजून जेवायचंय.